आप्पांनी पास केलेली काडतुसं

आमच्याकडे माणूस काय करतो हे विचारत नाहीत, कुठे असतो ते विचारतात. "जावई कुठे असतात?" "टेल्कोत असतात." झालं. टेल्कोत ते ट्रक बनवतात की ट्रक बनवणाऱ्यांच्या चहाची बिलं पास करतात, ही चौकशी चारचौघांत करणं म्हणजे अगदीच आडमुठेपणा. आमच्या या सभ्यपणापायी १९८६ साली अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात एका गोऱ्या साहेबाचा डोळा पणाला लागला होता. आम्ही मात्र अजून तस्सेच सभ्य आहोत.

माझे सासरे श्रीराम लिमये, ज्यांना आम्ही सगळे आप्पा म्हणतो, ते खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. लग्न ठरताना एवढंच सांगण्यात आलं आणि माझ्या वडलांनी समाधानाने मान डोलावली. पुढची माहिती मला माझ्या मामांनी दिली, कारण तेही तिथेच होते. "तुझे सासरे रजा सेक्शनला आहेत. त्यांच्या सहीशिवाय कारखान्यातला एक माणूस गणपतीला कोकणात जाऊ शकत नाही," असं मामा म्हणाले, आणि त्यांच्या बोलण्यात आदर होता. काडतुसाशी आप्पांचा संबंध एवढाच, की ते बनवणारे लोक आप्पांकडे रजा मागायला यायचे. मी हे कोणाला बोलले नाही. कोणी विचारलंच नाही.

सासूबाई गेल्या आणि आप्पा सहा महिन्यांसाठी अ‍ॅरिझोनात, चँडलर गावी आमच्याकडे आले. चँडलर तेव्हा अर्धं कापसाचं शेत आणि अर्धं नवीन घरं असं होतं. माझा नवरा विवेक तिथल्या एका चिप बनवणाऱ्या कंपनीत रिलायबिलिटी इंजिनिअर होता. चिपा भट्टीत भाजायच्या, गोठवायच्या, त्यांच्यात जास्तीची वीज सोडायची आणि त्या कधी दगा देतील ते आधीच सांगायचं, याचा त्याला पगार मिळायचा. घरातला साधा टोस्टरसुद्धा तो मॅन्युअल वाचल्याशिवाय लावत नसे.

आप्पांना चँडलर मानवेना. चालत निघालेला माणूस दिसला की गाडीवाले थांबून 'गाडी बंद पडली का' म्हणून विचारायचे. पेपरात बातम्या कमी आणि कुपनं जास्त. मी कामावरून यायचे तेव्हा ते ड्रायरमधल्या कपड्यांच्या घड्या घालत बसलेले असायचे. "आप्पा, राहू द्या हो," म्हटलं की म्हणायचे, "अगं, दुसरं आहे काय मला?" जेवण चिमणीएवढं. मला त्यांचं फार वाईट वाटायचं. विवेकलाही वाटायचं, पण तो ते शनिवारी त्यांना मॉलमध्ये नेऊन दाखवायचा.

सप्टेंबरात विवेकने त्याच्या साहेबाला जेवायला बोलावलं. डेल होगन त्याचं नाव. सहा फूट उंच, मिशा पिळदार, आणि सुट्टीच्या दिवशी शंभर वर्षांपूर्वीचा शिपाई होण्याची हौस. त्यासाठी त्याने जुन्या पद्धतीचा जाड लोकरीचा गणवेश शिवून घेतला होता. अ‍ॅरिझोनात लोकर! पण हौसेला मोल नसतं. नुकतीच त्याने एका जुन्या फौजी रायफलची नक्कलही विकत घेतली होती. रायफल दिसायला १८७३ सालची, बनलेली मात्र गेल्या वर्षी.

श्रीखंड खाता खाता डेल आप्पांकडे वळला आणि त्यांच्या अमेरिकन रीतीप्रमाणे त्याने विचारलं, "तुम्ही काय काम करत होतात?"

आप्पा इंग्रजी जुळवत होते, तेवढ्यात विवेकने आपल्या रीतीप्रमाणे उत्तर दिलं. "माय फादर वॉज इन दि अ‍ॅम्युनिशन फॅक्टरी. ओव्हर थर्टी इयर्स."

डेलचा चमचा वाटीतच राहिला. तो उठला, बाहेर गेला आणि आपल्या ट्रकमधून रायफल आणि दोन खोकी घेऊन आला. आपल्याकडे गाडीत छत्री असते तशी तिकडे रायफल असते. माझ्या पुऱ्या बाजूला सारून त्याने ती सगळी दौलत टेबलावर मांडली आणि आपली अडचण सांगितली.

अडचण अशी होती. या रायफलीच्या काडतुसाचं माप शंभर वर्षांत बदललेलं नाही. पूर्वी त्यात काळी दारू भरत, ती गोळीला जरा सबुरीने ढकलायची. आता त्याच मापाची नवीन, दणकट रायफल मिळते, आणि तिच्यासाठी लोक त्याच मापाच्या काडतुसात नवी, जबर ताकदीची दारू भरतात. बाहेरून दोन्ही काडतुसं सारखी, आणि दोन्ही या रायफलीत बिनबोभाट बसतात. आत कुठलं गेलंय ते रायफलीला चाप ओढल्यावरच कळतं. डेलचं एक खोकं दुकानातलं होतं, जुन्या रायफलींसाठी म्हणून छापलेलं. दुसरं त्याच्या एका मित्राने घरी भरून दिलेलं, त्या मित्राच्या नव्या रायफलीसाठीचं, आणि त्यावर काहीच छापलेलं नव्हतं. मित्राचं म्हणणं, नक्कल दिसायला जुनी असली तरी पोलाद आजचं आहे, सगळं सोसेल. डेलला ती मित्राचीच वापरायची होती, कारण त्यांचा बार मोठा होतो.

"यातलं तुम्हाला कळणार," डेल म्हणाला. "सांगा, ही कशी आहेत?"

आप्पांनी चष्मा लावला. मित्राचं एक काडतूस उचललं, तळहातावर तोललं, दिव्याखाली फिरवलं. मी बघत होते. पाहुण्याच्या वस्तूला नावं ठेवायची नाहीत हे त्यांच्या हाडीमासी भिनलेलं. पितळ चकचकीत होतं, ते त्यांना आवडलं. "व्हेरी नाइस," आप्पा म्हणाले. "गुड वर्कमनशिप."

डेलने खोक्यावर थाप मारली. काडतुसं पास झाली होती.

त्यानंतर आप्पांचे दिवस पालटले. डेल ऑफिसात सांगत सुटला की लिमयेचा बाप म्हणजे दारूगोळ्यातला दर्दी माणूस आहे. ज्या विवेकला तो आतापर्यंत कॉरिडॉरमध्ये नुसती मान हलवायचा, त्याला कॉफीला बोलवायला लागला. बातमी महाराष्ट्र मंडळापर्यंत गेली. मंडळाचे अध्यक्ष डॉक्टर उल्हास काळे यांचा फोन आला, "आप्पांना दसऱ्याला चीफ गेस्ट करतोय हं, शस्त्रपूजन त्यांच्याच हस्ते! कॅन्सल करायचं नाही." शस्त्रं म्हणून टेबलावर सुऱ्या, पान्हे आणि एकाचा कॅल्क्युलेटर मांडलेला होता. आप्पांनी सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं आणि अर्धा तास 'नोकरीतली शिस्त' या विषयावर बोलले. दारूगोळ्याचा शब्द नाही. लोक म्हणाले, एवढा मोठा माणूस, पण स्वतःबद्दल अवाक्षर नाही! तिथे इतके इंजिनिअर आणि डॉक्टर बसले होते, पण आप्पा कारखान्यात नेमकं काय करायचे हे एकानेही विचारलं नाही. सभ्य होते ना सगळे.

आणि मी तरी काय बोलणार? आप्पा सकाळी दाढी करायला लागले होते. इस्त्रीचा शर्ट घालायला लागले. दुसरी पोळी मागून घेतली त्या दिवशी मला इतका आनंद झाला की तूप जरा जास्तच पडलं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात विवेक घरी आला तो हवेत. येत्या रविवारी डेलने सगळ्या डिपार्टमेंटला वाळवंटात बोलावलं होतं. पहिला बार डेल स्वतः काढणार, गणवेश घालून. "आणि काडतुसं आप्पांनी पास केलेलीच वापरणार म्हणाला! आप्पांनी त्याच्या हातात पहिलं काडतूस द्यायचं. मानाने." पुढच्या गुरुवारी विवेकचा रिव्ह्यू होता. सेक्शन हेडची जागा रिकामी होती आणि ती भरणं डेलच्या हातात होतं.

विवेक अंघोळीला गेला तशी मी आप्पांना ओट्यापाशी गाठलं. "आप्पा, ती काडतुसं चालतील असं तुम्ही म्हणालात?"

"मी चांगली आहेत म्हणालो. दिसायला चांगलीच होती."

"पण त्याला वाटतंय तुम्ही तपासून सांगितलंत. उद्या ती रायफल फुटली तर कुठे फुटेल? त्याच्या तोंडापाशी."

आप्पा कोथिंबीर निवडत होते. हात थांबला. "सुनेत्रा, तुला ठाऊक आहे ना? मी कुठल्या सेक्शनला होतो ते?"

"माझे मामा तिथेच होते, आप्पा."

"हं." त्यांनी जुडी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "विवेकला ठाऊक नाही. पासष्टचं युद्ध झालं तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. वर्गातली पोरं घेऊन आला मला दाखवायला. माझे बाबा तोफेचे गोळे बनवतात, म्हणाला. दारात रांग लागली होती पोरांची. मी काय सांगणार होतो, की मी त्यांच्या किरकोळ रजा मांडतो म्हणून? राहिलं ते तसंच. आता सांगितलं तर त्याच्या नजरेतून उतरेन."

मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही. तरी मी म्हटलं, "आणि नाही सांगितलं तर डेलचा डोळा जाईल."

"सांगतो," आप्पा म्हणाले.

सांगितलं त्यांनी, पण आडून. जेवताना म्हणाले, "विवेक, ज्यांनी ती रायफल बनवली त्यांना कोणी विचारलंय का रे, यात कुठलं काडतूस चालतं ते?" विवेक भात कालवत म्हणाला, "आप्पा, तुम्ही ओके केलंय ना? मग आता त्याला कन्फ्यूज नका करू, प्लीज." टोस्टरचं मॅन्युअल वाचणारा माझा नवरा! आप्पांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

रविवारी सकाळी वाळवंटात वीसेक माणसं जमली होती. बर्फात बुडवलेल्या सोड्याच्या बाटल्या, शेगडीवर हॉटडॉग, घडीचं टेबल, त्यावर रायफल आणि ती दोन खोकी. डेल लोकरीच्या गणवेशात घामाने निथळत होता, पण चेहऱ्यावर तेज. त्याने सगळ्यांना गोळा केलं, आप्पांची ओळख करून दिली, टाळ्या झाल्या. मग आप्पांपुढे ताठ उभं राहून त्याने सलाम ठोकला आणि हात पुढे केला.

आप्पांनी मित्राच्या खोक्यातलं काडतूस उचललं होतं. ते त्यांनी मुठीत धरलं. मूठ उघडेना.

"नो, सर," आप्पा म्हणाले. आवाज कापत होता. "आय नॉट नोइंग अ‍ॅम्युनिशन. आय वॉज लीव्ह क्लार्क. कॅज्युअल लीव्ह, अर्न्ड लीव्ह, मेडिकल लीव्ह. ओन्ली लीव्ह."

डेल क्षणभर बघत राहिला आणि मग गदागदा हसला. "बरोबर! आणि माझा चुलता लष्करात फक्त बटाटे सोलायचा!" त्याने सगळ्यांकडे बघून डोळा मारला. संरक्षण खात्यातली माणसं आपलं काम लपवायला असंच सांगतात, हे त्यांच्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. सगळे हसले. विवेकही हसला. "ही इज व्हेरी मॉडेस्ट," म्हणाला.

"विवेक, हसू नकोस," आप्पा मराठीत म्हणाले. "त्याला समजावून सांग. मी खरंच रजेच्या सेक्शनला होतो. लहानपणी तुला जे वाटायचं, ते खरं नव्हतं रे."

विवेकने डेलसाठी चेहऱ्यावर ठेवलेलं हसू तसंच राहू दिलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, "आप्पा, मला ठाऊक आहे. कॉलेजात असताना तुमचा डबा द्यायला आलो होतो. गेटवरच्या शिपायाने आत हाक मारली, रजेवाले लिमये, पोरगं आलंय तुमचं. तेव्हापासून ठाऊक आहे. आता सीन करू नका. द्या त्याला ते."

मी सुन्न झाले. इतके दिवस मला वाटत होतं की हे गुपित मी एकटी सांभाळतेय. आमच्या घरात तिघांनाही सगळं ठाऊक होतं, आणि तिघंही सभ्य.

आप्पांचा चेहरा आधी चोरी पकडल्यासारखा पडला. मग हळूहळू काहीतरी बदललं. "तुला ठाऊक होतं? मग ही काडतुसं मी पास केली म्हणजे कोणीच नाही पास केली, हेही ठाऊक होतं?"

"नवीन स्टील आहे, आप्पा. काही होत नाही. गुरुवारी माझा रिव्ह्यू आहे."

आप्पांनी काडतूस खिशात टाकलं. टेबलावरचं मित्राचं खोकं उचलून काखेत मारलं. मग ते डेलकडे वळले आणि ज्या आवाजात बोलले तो मी कधी ऐकला नव्हता. मामा म्हणायचे, लिमये एकदा नाही म्हणाले की वर्क्स मॅनेजरसुद्धा निमूट परत जायचा. तो हा आवाज असणार.

"नॉट सँक्शन्ड," आप्पा म्हणाले. "केस इज इनकम्प्लीट. हू मेड धिस रायफल? आस्क हिम. व्हॉट इज इनसाइड धिस? आस्क युवर फ्रेंड. रिप्लाय कम्स, देन फायर. टुडे, नो."

"आणि ही दुकानातली?" डेलने भीत भीत विचारलं.

"दॅट आल्सो. फर्स्ट आस्क."

डेलने टाचा जुळवल्या. "येस, सर!"

खरं सांगितलं तेव्हा हशा पिकला होता, आणि नाही म्हटल्याबरोबर पलटणीला हुकूम सुटल्यासारखं झालं. त्या दिवशी वाळवंटात एकही बार झाला नाही. सगळ्यांनी हॉटडॉग खाल्ले आणि लोक घरी गेले.

सोमवारी संध्याकाळी विवेक आला तो पुन्हा हवेत. डेलने रायफल बनवणाऱ्यांना फोन केला होता. दुकानातली काडतुसं चालतील, ती त्यांच्याच यादीतली आहेत, असं ते म्हणाले. पण मित्राच्या काडतुसाचं ऐकून पलीकडचा माणूस ओरडलाच. पोलाद नवं असलं म्हणून काय झालं, काडतूस भरून बंद करायचं मागचं झाकण आणि त्याची कडी बांधणीनेच जुनी आहे. जुन्या दारूच्या ताकदीपुढे गेलात तर ते झाकण उडून थेट तोंडावर येईल. "डेल म्हणतो, तुझ्या फादरने माझा चेहरा वाचवला! बुधवारी थँक्स म्हणायला घरी येतोय. आप्पा, तुम्ही ग्रेट आहात!"

आप्पा टॉवेलच्या घड्या घालत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. "मी खोटं बोललो, कारण माझ्या पोराला बापाचा अभिमान वाटत होता. तू कशासाठी गप्प बसलास?"

विवेकचा चेहरा उतरला. "तुम्ही हसायला लागला होतात, आप्पा. जेवायला लागला होतात."

"आणि?"

"आणि डेल माझ्याशी नीट बोलायला लागला होता."

"आणि त्याचा डोळा?"

विवेक वाकून बुटाच्या नाड्या सोडायला लागला. मला मात्र राहवेना. मी म्हटलं, "चिपा भाजून बघतोस, गोठवून बघतोस, आणि माणसाच्या तोंडापाशी स्फोट होणार होता तर म्हणालास काही होत नाही. लाज वाटायला हवी." इतकं स्पष्ट मी त्याला लग्न झाल्यापासून बोलले नव्हते. तो उठून मागच्या अंगणात गेला आणि अंधार पडेपर्यंत लिंबाच्या झाडाला पाणी घालत राहिला.

बुधवारी डेल आला. बायकोने घरी भाजलेला अ‍ॅपल पाय आणि आप्पांसाठी एक रुंद काठाची नवी हॅट घेऊन. हॅट त्याने स्वतःच्या हाताने आप्पांच्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाला, तुमच्यासारखा एक्सपर्ट भेटणं हे माझं भाग्य. आप्पांनी हॅट काढून मांडीवर घेतली. विवेक उभा राहिला.

"डेल, माझे वडील क्लार्क होते," तो इंग्रजीत म्हणाला. "रजा मांडायचे."

डेलने हसून डोळा मारला. "हो, हो, सांगितलंय त्यांनी."

"नाही. हसू नका. खरंच क्लार्क होते. मला ते ठाऊक होतं. ती काडतुसं कोणीही तपासली नव्हती, हेही ठाऊक होतं. रायफल बनवणाऱ्यांना विचारा, हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं. माझं कामच ते आहे. पण तुमची मर्जी जाईल म्हणून गप्प बसलो." त्याचे कान लाल झाले होते. रिव्ह्यू दुसऱ्या दिवशी होता.

डेलचं हसू हळूहळू मावळलं. त्याने विवेककडे पाहिलं, मग बराच वेळ आप्पांकडे. "पण मग यांना कसं कळलं," त्याने विचारलं, "ती काडतुसं धोक्याची आहेत ते?"

"नव्हतं कळलं," विवेक म्हणाला. "म्हणून तर ते नाही म्हणाले."

आप्पांना तेवढं इंग्रजी कळत होतं.